परदेशचा प्रवासी आणि घरची वार्ता

मनुष्य परदेशीं गेला म्हणजे घरच्या मंडळींस पहिली काळजी लागते ती तो सुखरूप पोंचला कीं नाहीं याची; आणि प्रवाशास पहिली काळजी लागते ती ही वार्ता घरीं कळवावी कशी याची. काळजी जुनीच आहे. आगबोटीनें जाणारांस ती लागली, आणि आज विमानांतून उतरून हातांतील टॅब्लेट, म्हणजे ती काचेची पाटी, उघडून ‘येथें इंटरनेट कसें मिळेल’ अशी चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्यासहि तीच लागते. पूर्वीं उत्तरास महिने लागत, आतां क्षण पुरतो. हा फरक मोठा आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यावरून हा सर्व इतिहास यंत्रांच्या शोधांचा इतिहास होय असें जें सामान्यतः मानण्यांत येतें, तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. यंत्रानें अंतर जिंकलें हें खरें. पण तें जिंकलेलें अंतर सामान्य प्रवाशास परवडेल केव्हां, हें यंत्रानें ठरविलें नसून राज्याराज्यांच्या व संस्थासंस्थांच्या करारांनीं ठरविलें. आणि करार झाल्यावरहि आणखी एक प्रश्न उरतो: परक्या मुलखांत या प्रवाशाची ओळख कोणी पटवावयाची? वाहून कोण नेतो, पैसा कोण घेतो आणि ओळख कोण देतो, या तीन प्रश्नांच्या अनुरोधानें गेल्या दीडशें वर्षांचा हा वृत्तांत पाहावा असा आमचा उद्देश आहे.

असा विचार करितांना घरचें टोंक कोठें तरी निश्चित असावें लागतें. मुंबईच्या धक्क्यावरून पाहिलें असतां हा इतिहास फारच सोपा दिसतो. कारण आगबोट, समुद्रांतली तार, परदेशचा टेलिफोन आणि इंटरनेट या साऱ्या गोष्टी मुंबईस लवकर येत गेल्या. म्हणून आम्ही भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील एकोडी हें गांव नजरेसमोर ठेवितों. हा धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि बोड्यांचा मुलूख. येथील पुष्कळ तलाव कोहळी लोकांनीं बांधले, आणि कोणाच्या बांधीस पाणी आधीं व कोणाच्या बांधीस मागाहून, याच्या रीति गांवांनीं ठरविल्या. पाणी साठविण्याची विद्या जितकी महत्त्वाची तितकीच तें वांटण्याची रीतहि महत्त्वाची, हें ज्या मुलखास सांगावें लागत नाहीं, त्या मुलखांतून वार्तेच्या वाटणीचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम डाकेचा काळ पाहूं. हिंदुस्थानांत ता. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर लागूं झाला. पत्र दहा कोसांवर जावो कीं हजार कोसांवर, दर तोच. त्यापूर्वीं अंतराप्रमाणें पैसे पडत. इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या प्रयत्नानें १८४० सालीं हेंच तत्त्व अमलांत आलें होतें. त्याच्या मुळाशीं एक साधें निरीक्षण होतें: पत्र गोळा करणें, निवडणें आणि घरोघर वांटणें यांतच खर्चाचा मोठा भाग जातो, मधल्या वाहतुकीचा खर्च दर पत्रामागें अगदीं क्षुल्लक असतो. म्हणून अंतरावर आकार घेणें हें न्यायाचेंहि नाहीं आणि हिशेबाचेंहि नाहीं. पुढें ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं बर्न येथें निरनिराळ्या राष्ट्रांनीं करार करून हेंच तत्त्व राज्यांच्या सीमांपलीकडे नेलें, आणि १ जुलै १८७६ पासून हिंदुस्थान त्या संघांत सामील झाला. त्या करारांतील युक्ति विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या देशांत पत्र टाकलें त्या देशानें तिकिटाचा पैसा ठेवावा, आणि परदेशचीं पत्रें आपल्या मुलखांत वांटण्याबद्दल कोणीं कोणाकडे बिल धाडूं नये. कारण सरळ होतें: पत्रास उत्तर येतेंच, तेव्हां देणेंघेणें आपोआप फिटतें. टपालापुरता सारा संघ हा एकच मुलूख समजावा, असें कलम त्यांत घातलेलें होतें. आणि ही बिनहिशेबाची रीत जवळजवळ शंभर वर्षें चालली.

या व्यवस्थेचें मोल एका मराठी घराच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. त्यांचे पति गोपाळराव हे स्वतः टपाल खात्यांतले नोकर. अल्पवेतनी टपाल कारकुनाची बायको फिलाडेल्फियास वैद्यक शिकते आणि नवरा हिंदुस्थानांतून तिच्याशीं नियमितपणें पत्रव्यवहार करितो, हें १८७६ च्या पूर्वीं कितपत साधलें असतें हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. एका बाजूनें पत्र जाण्यास महिन्याहून अधिक काळ लागे; म्हणजे प्रश्नाचें उत्तर येईपर्यंत ऋतु पालटून जाई. पण पत्र जाई, आणि तें कारकुनाच्या पगारांत जाई.

तिसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे ओळखीचें, उत्तरहि येथेंच सांपडतें. गोपाळरावांचा अमेरिकेंतील मिशनऱ्यांशीं झालेला पत्रव्यवहार एका मासिकांत छापून आला. तो न्यूजर्सींतील रोझेल येथें राहणाऱ्या सौ. कार्पेंटर यांच्या नजरेस पडला; त्यांनीं होऊन पत्र धाडलें आणि पुढें आनंदीबाईंस आपल्या घरीं उतरून घेतलें. परक्या देशांत हिंदु स्त्रीची ओळख पटविली ती कोणा कचेरीनें नव्हे, एका गृहिणीनें. आणि तिनें ती पटविली केवळ पत्रांवरून.

परंतु त्या पत्रव्यवहाराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. गोपाळरावांचीं सर्वच पत्रें मायेचीं नव्हतीं. कांहीं कठोर होतीं, कांहीं संशयाचीं होतीं; आणि हजारों कोसांवर एकट्या असलेल्या, प्रकृतीनें खंगत चाललेल्या बाईस तीं वाचून काय वाटलें असेल तें तिच्या उत्तरांवरून कळतें. घरची वार्ता ही नेहमींच आधार देते असें नाहीं. केव्हां केव्हां ती लगामहि असते. हा मुद्दा आम्हांस पुढें पुन्हां लागणार आहे.

डाकेच्या पाठोपाठ तार आली. १७ मे १८६५ रोजीं पॅरिस येथें वीस राज्यांनीं तारेसंबंधीं करार केला. त्याच वर्षीं इराणच्या आखाताच्या वाटेनें हिंदुस्थान व युरोप हीं तारेनें जोडलीं गेलीं. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारेनें मुंबई एडनच्या मार्गानें सुवेझशीं व पुढें लंडनशीं बांधली गेली. वार्तेचा वेग महिन्यांवरून तासांवर आला. तरी प्रवाशास याचा लाभ किती झाला? तार शब्दांवर विकली जाई, आणि समुद्रापलीकडचा एकेक शब्द सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असे. व्यापाऱ्यांनीं सांकेतिक शब्दांचे कोश करून एका शब्दांत एक वाक्य बसविलें. पण आईस मुलाला जें विचारावयाचें असतें त्याचा कोश कोण करणार? परिणाम असा झाला कीं तार ही सरकारची, सराफाची आणि मृत्यूची झाली. ‘तार आली’ हे दोन शब्द उच्चारतांच मराठी घरांत रडें सुरू होई, याचें कारण यंत्रांत नव्हतें, दरांत होतें. ज्या साधनाचा उपयोग केवळ संकटांतच परवडतो, तें साधन संकटाचेंच चिन्ह होऊन बसतें. भारतांतील ही तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. त्या दिवशीं अनेकांनीं हौसेनें एकमेकांस आनंदाच्या तारा केल्या. बहुधा कित्येकांच्या आयुष्यांतली ती पहिली व शेवटची आनंदाची तार असेल.

इंग्लंडशीं बिनतारी तारसेवेचा आरंभ मराठी मुलखांतच झाला हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२७ सालीं इंग्लंडशीं जी बिनतारी तारसेवा सुरू झाली तिचें प्रक्षेपणकेंद्र पुण्याजवळ खडकी येथें, आणि ग्रहणकेंद्र दौंड येथें होतें. १९३३ सालीं याच वाटेनें इंग्लंडशीं टेलिफोनवर बोलतां येऊं लागलें. स्वातंत्र्यानंतर हें काम सरकारच्या परदेश दळणवळण खात्याकडे आलें. पुढें पुणें जिल्ह्यांत आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारें भूकेंद्र उभें राहिलें. आणि १९८६ सालीं या खात्याची विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी झाली. परंतु एकोडीच्या दृष्टीनें पाहिलें तर आर्वी व एकोडी यांमधलें अंतर आर्वी व लंडन यांमधल्या अंतरापेक्षां मोठें होतें. समुद्रापार नेणारी वाट तयार होती. गांवापर्यंत आणणारी वाट नव्हती. परदेशचा फोन यावयाचा म्हणजे आधीं पत्रानें दिवस व वेळ कळवावयाची, घरच्यांनीं तालुक्याच्या ठिकाणीं जावयाचें आणि घंटा वाजण्याची वाट पाहावयाची. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनें धूळ व ऊन सोसणारीं लहान ग्रामीण एक्स्चेंजें तयार केलीं, आणि पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचीं टेलिफोनचीं दुकानें नाक्यानाक्यावर आलीं, तेव्हां कोठें हें अंतर तुटूं लागलें. त्या दुकानांतील लाल आंकड्यांचें मीटर बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पळत असे. बोलणें मनाप्रमाणें व्हावयाचें कीं मीटरप्रमाणें, याचा अनुभव ज्या पिढीनें घेतला ती पिढी अद्यापि हयात आहे.

आतां इंटरनेटकडे येऊं. भारतांत सर्वसाधारण लोकांसाठीं ही सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. अर्थात् आरंभ मोठ्या शहरांतच झाला. तत्पूर्वीं एक वर्ष, सप्टेंबर १९९४ मध्यें, लंडनमध्यें ‘सायबेरिया’ नांवाचें इंटरनेटचें उपाहारगृह निघालें होतें. तासाचें भाडें भरून तेथील संगणकावर बसावें अशी ती सोय होती. प्रवाशास तिचा उपयोग मोठा. पण त्या काळीं विजेचें पत्र हें बहुधा ज्याच्या त्याच्या कचेरीच्या किंवा विद्यापीठाच्या यंत्रावर येऊन पडे, आणि तें परक्या यंत्रावरून वाचणें जिकिरीचें होतें. ही अडचण ४ जुलै १९९६ रोजीं फिटली. मूळचे भारतीय साबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनीं त्या दिवशीं ‘हॉटमेल’ सुरू केलें. जगांतल्या कोणत्याहि संगणकावर बसावें, नांव व परवलीचा शब्द सांगावा आणि आपली टपालपेटी उघडावी. जुन्या टपाल खात्यांत अशी एक सोय होती कीं प्रवाशाचें पत्र त्या शहराच्या मुख्य कचेरीनें ठेवून घ्यावें आणि प्रवाशानें येऊन, ओळख पटवून तें न्यावें. हॉटमेल ही तीच सोय. फक्त तिची कचेरी आतां प्रत्येक शहरांत, प्रत्येक मेजावर उघडली.

येथें मराठी माणसास एक निराळीच अडचण होती, ती इतिहासकारानें गाळूं नये. विसाव्या शतकाच्या अखेरीस परक्या संगणकावर देवनागरी अक्षर उमटेलच असा भरंवसा नसे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक सांकेतिक व्यवस्थेंत १९९१ सालींच देवनागरीचा समावेश झाला होता. पण ती व्यवस्था सामान्य यंत्रांत मुरण्यास पुढें दहा वर्षें तरी लागलीं. तोंवर परदेशांतील मुलें रोमन लिपींत मराठी लिहीत. आणि तें पत्र ज्या आईसाठीं असे तिला बहुधा देवनागरीच वाचतां येई. मग शेजारचा कोणी शिकलेला मुलगा तें वाचून दाखवी. म्हणजे वार्ता क्षणांत येऊनहि ती खाजगी राहत नसे. लिपि हीहि एक वाटच आहे, आणि ती बांधावी लागते.

संगणकाच्या मेजावरून प्रवासी सुटला तो दोन निराळ्या शोधांमुळें. पहिला वायफायचा. अमेरिकन सरकारनें १९८५ सालीं कांहीं रेडिओलहरी परवान्यावांचून वापरण्यास मोकळ्या केल्या; त्यांवर चालणारें मानक १९९७ सालीं ठरलें आणि १९९९ सालीं त्यास वायफाय हें नांव मिळालें. दुसरा शोध जीएसएम पद्धतीच्या मोबाइलचा. त्यावरचें पहिलें संभाषण फिनलंडांत १ जुलै १९९१ रोजीं झालें. पुढच्याच वर्षीं फिनलंडच्या व इंग्लंडच्या दोन कंपन्यांनीं आपसांत करार केला, कीं तुमचा ग्राहक आमच्या मुलखांत आला असतां त्यास आमच्या मनोऱ्यावरून बोलूं द्यावें. यासच आपण रोमिंग म्हणतों. त्याची रीत अशी. सिमकार्डावर जो मूळ क्रमांक कोरलेला असतो त्याचे पहिले तीन आंकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ किंवा ४०५. एकोडीच्या मुलानें बर्लिनच्या विमानतळावर आपली पाटी उघडली कीं तेथील मनोरा हे आंकडे वाचतो, भारतांतील कंपनीस विचारतो कीं हा तुमचाच काय, आणि होकार आल्यावरच दार उघडतो. एवढ्यानें भागत नाहीं. पुष्कळदां त्या पाटीवरून पाहिलेलें पानसुद्धां बर्लिनहून प्रथम भारतांत येतें, येथून इंटरनेटवर जातें आणि उलट वाटेनें परततें. कारण हिशेब घरच्या कंपनीस ठेवावयाचा असतो. बर्लिनमधल्या उपाहारगृहाचा पत्ता बर्लिनमध्येंच शोधावयाचा, पण वाट मुंबईवरून, असा हा प्रकार आहे. येथें वाट यंत्रानें ठरविली नसून कराराच्या हिशेबानें ठरविली, हें आमच्या विधानाचें अगदीं हातचें प्रमाण होय.

टॅब्लेट ही वस्तु या रचनेंत उशिरा आली. ॲपल कंपनीचा आयपॅड अमेरिकेंत ३ एप्रिल २०१० रोजीं विक्रीस आला तो केवळ वायफायचा. सिमकार्ड घेणारा त्याच महिन्याच्या अखेरीस आला. भारतांत हें यंत्र जानेवारी २०११ मध्यें पोंचलें. आयपॅडवरून साधा टेलिफोन करतां येत नसे. त्यास हवें ते केवळ इंटरनेट. म्हणून परदेशांत पाटी जोडण्याचा प्रश्न हा निव्वळ इंटरनेटच्या दराचा प्रश्न झाला. ऑक्टोबर २०१४ मध्यें ॲपलनें आपल्या पाट्यांत असें एक सिमकार्ड घातलें कीं देश बदलला तरी कार्ड न बदलतां तेथील कंपनी पडद्यावरच निवडावी. कल्पना प्रवाशाच्या हिताची होती. पण कंपन्यांनीं साथ दिली तरच ती चालणार. त्या कार्डाची नवीन नोंदणी १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद झाली. तथापि कल्पना मेली नाहीं. २०१६ सालीं ठरलेल्या मानकानुसार आतां कार्डच नको, यंत्रांतील चकतीवर करार उतरवून घ्यावा, अशी ई-सिमची पद्धति रूढ होत आहे. आणि आजचा प्रवासी घरीं बसूनच परक्या देशाचें इंटरनेट विकत घेऊन निघतो.

दरांचा विचार केला तर दोन पद्धतींतला भेद डोळ्यांत भरतो. टपालसंघानें ठरविलें होतें कीं कोणीं कोणास बिल धाडूं नये. रोमिंगच्या करारांत प्रत्येक कंपनी दुसरीस बिल धाडते, आणि घरची कंपनी त्यावर आपला नफा चढवून तें ग्राहकापुढें ठेविते. विजेच्या संदेशास अंतराचा खर्च पत्राहूनहि कमी पडतो. तरी सीमा ओलांडली एवढ्यावरून दर कित्येक पट चढतो. म्हणजे अर्ध्या आण्याच्या तिकिटानें १८५४ सालीं जो अन्याय आमच्या देशापुरता मिटविला, तो एकविसाव्या शतकांत नव्या वेषानें परत आला. युरोपीय संघानें तो ओळखला. २००७ सालीं त्यानें बोलण्याच्या दरांस मर्यादा घातली. १ जुलै २०१० पासून इंटरनेटचें बिल पन्नास युरोंवर जाऊं लागतांच तें आपोआप थांबवावें असा नियम केला. आणि १५ जून २०१७ पासून संघाच्या हद्दींत रोमिंगचा जादा आकार उठविला. जर्मनींत सिमकार्ड घेतलेला आमचा विद्यार्थी आज लिस्बनपासून वॉर्सापर्यंत घरच्याच दरानें बोलतो. तोच विद्यार्थी भारताचें कार्ड घेऊन गेला तर ही सवलत त्याला नाहीं. यंत्र तेंच, मनोरा तोच, करार निराळा.

राहिला ओळखीचा प्रश्न. आणि आमच्या समजुतीप्रमाणें आज प्रवाशास सर्वांत अधिक अडविणारा हाच आहे. जुलै २००८ मध्यें अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळीं धमकीचें पत्र नव्या मुंबईंतील एका घराच्या उघड्या वायफायवरून धाडण्यांत आलें होतें. त्यानंतर २००९ सालीं सरकारनें सार्वजनिक वायफाय वापरणाराची ओळख नोंदविण्याचे नियम केले. हेतु योग्य होता. पण ओळख म्हणजे मोबाइलवर आलेला ओटीपी, असें समीकरण रूढ झाल्यामुळें, भारतीय क्रमांक नसलेला परदेशी पाहुणा आमच्या स्थानकांवर व विमानतळांवर वायफायच्या दाराशींच उभा राहतो. उलट बाजूनें आमचा विद्यार्थी परदेशीं जातो, तेथील स्वस्त कार्ड घेतो आणि भारतांतलें कार्ड काढून ठेवितो. मग त्यास आढळतें कीं आपली बँक त्या काढून ठेवलेल्या कार्डावरच आपली ओळख पटवून मागत आहे. रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस दुसरा पुरावा आवश्यक केला. फसवणूक थांबविण्यास तो उपाय उत्तम ठरला यांत वाद नाहीं. परंतु मनुष्याची ओळख जर एका देशाच्या मनोऱ्यास बांधली, तर देश सोडतांच त्याची ओळखहि सैल होते. जानेवारी २०२३ मध्यें दहा देशांतील परदेशी क्रमांकांवर अनिवासी भारतीयांस यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली. हें पाऊल लहान आहे, पण योग्य दिशेचें आहे.

आतां घरच्या टोंकाकडे पुन्हां वळूं. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं सरकारनें ‘आकाश’ नांवाची स्वस्त टॅब्लेट मोठ्या समारंभानें विद्यार्थ्यांपुढें ठेविली. ती पहिली पाटी वायफायवर चालणारी होती. आणि ज्या गांवांत वायफाय नाहीं त्या गांवांत तिचा उपयोग जवळजवळ साध्या पाटीइतकाच. त्याच महिन्यांत अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूनें जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढें भारतनेट म्हणून ओळखली गेली. पंचायतीच्या कचेरीपर्यंत तंतु येणें आणि घराच्या ओसरीपर्यंत वार्ता येणें यांत अंतर आहे. तें अंतर प्रत्यक्षांत तोडलें तें सप्टेंबर २०१६ नंतर स्पर्धेनें कोसळलेल्या मोबाइल इंटरनेटच्या दरांनीं. येथेंहि न्याय तोच. मनोरे आधींहि होते; दर उतरले तेव्हां गांव जगाशीं जोडलें गेलें.

या सुलभतेनें काय मिळालें आणि काय गेलें, याचा हिशेब मांडल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. कोणी म्हणतात कीं जो प्रवासी घडोघडी घराशीं बोलतो तो प्रवासी नव्हेच. त्याचें शरीर परदेशीं आणि चित्त स्वयंपाकघरांत. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तो ज्यांनीं वियोग सोसला नाहीं अशांनीं करावा हें बरें नव्हे. आई आजारी असतां तिचें मुख पाहतां येणें ही कोणत्याहि प्रवासवर्णनाहून मोलाची गोष्ट होय. आमची चिंता निराळी आहे, आणि ती दुहेरी आहे. गोपाळरावांच्या कठोर पत्रास फिलाडेल्फियास पोंचावयास महिना लागे. तेवढ्या अवधींत आनंदीबाईंस स्वतःच्या मनाप्रमाणें राहण्यास थोडी मोकळीक मिळे. आज परदेशीं शिकणाऱ्या मुलीस ‘कोठें आहेस, बरोबर कोण आहे, तोंड दाखव’ असें दिवसांतून तीनदां विचारतां येतें. मायेची तार आणि पाळतीची तार एकच असते. भेद वापरणाराच्या मनांत असतो. हें स्वातंत्र्य आपण होऊन सोडावयाचें कीं मुलीकडून काढून घ्यावयाचें, हें कोणतेंहि मानक ठरवूं शकत नाहीं. तें घरानें ठरवावयाचें आहे.

दुसरी चिंता इतिहासाच्या अभ्यासकाची आहे. काशीबाई कानिटकरांनीं आनंदीबाईंचें चरित्र लिहिलें तें लिहितां आलें, कारण पत्रें राहिलीं होतीं. गोड पत्रें राहिलीं तशीं कडूहि राहिलीं, म्हणून चरित्र खरें झालें. आज भंडारा जिल्ह्यांतून, एकोडीसारख्या गांवांतून जीं मुलें परदेशीं जातात त्यांच्या घरीं वार्ता रोज येते; पण पांच वर्षांनीं त्यांतली एकहि ओळ कोणाच्या पेटींत सांपडेल असें म्हणवत नाहीं. फोन बदलला, परवलीचा शब्द विसरला, सेवा बंद झाली, कीं सर्व गेलें. ज्या पिढीनें सर्वांत अधिक लिहिलें तिचेंच घरगुती दप्तर सर्वांत रिकामें राहील, असा हा विचित्र योग आहे. म्हणून परदेशस्थांस व त्यांच्या घरच्यांस आमची विनंति आहे कीं वर्षांतून दोनचार वेळां तरी एक लांब पत्र लिहावें, तें कागदावर उतरवून घ्यावें, आणि घरांतल्या खातेउताऱ्यांशेजारीं जपून ठेवावें.

सारांश, वार्तेची वाट बांधण्यास विज्ञान समर्थ आहे आणि त्यानें आपलें काम चोख केलें आहे. ती वाट सर्वांस सारख्या दरानें खुली करणें हें राज्यांचें काम. अर्ध्या आण्याच्या तिकिटानें तें एकदां करून दाखविलें आहे, तेव्हां तें अशक्य म्हणतां येत नाहीं. मनुष्याची ओळख त्याच्याबरोबर सीमेपलीकडे जाऊं देणें हें बँकांचें व सरकारचें काम. आणि त्या वाटेनें काय धाडावें, किती विचारावें व काय जपून ठेवावें, हें मात्र एकोडीच्या ओसरीवर बसलेल्या आईचें आणि बर्लिनमधल्या तिच्या मुलाचें काम आहे.